सुलट बाजू खाली

बेळगावला जाऊन आलो म्हटलं की पुण्यातली माणसं आधी आपल्या हातातल्या पिशवीकडे बघतात. कुंदा आणला का, हा पहिला प्रश्न. मी कुंदा आणला नाही. दोन दिवसांत मला कुंद्याची आठवणसुद्धा झाली नाही. का झाली नाही ते सांगतो, म्हणजे निदान घरी तरी गैरसमज राहणार नाही.

आमची कंपनी मिरची-मसाला कांडायची यंत्रं बनवते. यंत्राच्या पोटात हात घालून साफसफाई करता यावी म्हणून त्याच्या अंगाला खिडक्या असतात आणि त्या खिडक्यांवर चुंबकी रबराची झाकणं बसतात. ना स्क्रू, ना पाना. ओढलं की निघतं, टेकवलं की बसतं. रबरात लोहचुंबकाची काळी भुकटी मळून त्याचा पातळ तक्ता लाटलेला असतो, पोळीसारखा. त्याच्या एका अंगाला तेल लागू नये म्हणून लाल रबर चिकटवतात. काळी बाजू यंत्राला, लाल बाजू बाहेर. आमच्या मापाची ही झाकणं बेळगावजवळ मच्छ्याच्या औद्योगिक वसाहतीत एक बाई बनवून देतात. कापायची डाय मात्र आमची. जाड फळीत पोलादी पाती बसवलेला साचा, आमच्या पैशानं केलेला, त्यांच्याकडे ठेवलेला.

गेले काही महिने ही झाकणं चालत्या यंत्रावरून गळून पडू लागली. मिरचीच्या यंत्राचं झाकण पडणं म्हणजे काय, हे ज्याच्या डोळ्यांवर बेतलंय त्यालाच कळतं. धाकट्या शेटनी मला बोलावून सांगितलं, "जाधव, निपाणीची तक्रार बघून घ्या आणि मच्छ्याहून डाय उचलून आणा. त्यांचं काम बंद. चाकणला दुसरा माणूस बघितलाय."

निवृत्तीला थोडे दिवस उरलेल्या माणसाला अशीच कामं मिळतात. ज्याला तोंडावर काम बंद म्हणून सांगायचं, त्याच्याकडे म्हाताऱ्या माणसाला पाठवावं, म्हणजे भांडण होत नाही. बायको म्हणाली, "अमावास्येला कुणी घराबाहेर पडतं का?" मी म्हटलं, शेटना पंचांग कळत नाही. गुडघ्याला मलम चोळलं आणि कंपनीची जुनी गाडी काढली.

निपाणी

कोगनोळीपर्यंतच्या रस्त्याबद्दल काही लिहीत नाही. ज्यांनी तो केलाय त्यांना माहीत आहे आणि ज्यांनी केला नाही ते सुखी आहेत. तिथला सीमेवरचा नाका ओलांडला की पाट्यांवरची अक्षरं गोल होतात, पण चहाच्या टपरीवर "साखर कमी का बेताची?" हे मराठीतच विचारतात.

शंकरअण्णांची गिरणी बाजाराच्या मागच्या अंगाला आहे. पत्ता विचारावा लागला नाही, शिंका आल्या तिथं थांबलो. दारात डबे घेऊन बायका बसलेल्या. आपण चटणी म्हटलं की शेंगदाणे, लसूण असलं काही डोळ्यांपुढे येतं. इकडे चटणी म्हणजे वर्षाचं तिखट, आणि ते कांडून घेताना बाई यंत्रापासून हलत नाही. दुसऱ्याची मिरची आपल्यात मिसळेल, ही तिची भीती. पण या बायका यंत्रापासून लांब, पार रस्त्यावर बसल्या होत्या.

"आलासा? आधी नाकाला रुमाल बांधा, मग बोला," अण्णा म्हणाले. साठीचे गृहस्थ, मिशा पांढऱ्या आणि त्या मिशांवर तांबूस झाक. "ही बघा तुमची झाकणं. सायकलच्या ट्यूबनं बांधून घातल्यात. परवा एक उडालं आनि त्या म्हातारीच्या तोंडावर सगळी भुकटी. ताक वतलं डोळ्यात. तवापास्नं बाया आत येत न्हाईत. चटणी आपल्या डोळ्यादेखत न्हाय झाली की त्या दुसऱ्या गिरणीला जात्यात. जाणारच की!"

मी ट्यूब सोडून एक झाकण हातात घेतलं. पत्र्याला लावलं, बसलं. यंत्र चालू केलं, थोडा वेळ झाकण थरथरलं आणि घसरत घसरत खाली आलं.

"पयलं मशीन घेतलं तवा असं नव्हतं," अण्णा म्हणाले. "झाकण काढाय गेलं की नखं मोडायची. मधेच काय झालं तुमच्या मानसाला?"

मला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ठाऊक करून घ्यायची फारशी इच्छाही नव्हती. डाय उचलायची की काम संपलं. अण्णांनी गिरणीच्या मागच्या खोलीत जेवायला बसवलं. ज्वारीची भाकरी, भरीत, घट्ट दही आणि वर त्यांच्याच गिरणीची चटणी. मी ती चटणी भीत भीत बोटाला लावली. अण्णा म्हणाले, "खावा की. तोंडात गेली तर काय करत न्हाय, डोळ्यात गेली तर करती."

मच्छे

काकती मागे पडली, शहर वळसा घालून सोडलं आणि दिवस कलताना मच्छ्याला पोचलो. इथं ओतशाळा आणि लेथची कारखानदारी. रस्त्याकडेच्या झाडांची पानंसुद्धा लोखंडाच्या धुळीनं तांबारलेली. पण त्या दिवशी सगळीकडे शांत होतं. शेडच्या दारादारांत कोहळे फुटलेले आणि त्यांत भरलेलं कुंकू रस्त्यावर सांडलेलं. आपण अमावास्येला नवं काम काढत नाही, इथं यंत्रं धुऊन त्यांची पूजा मांडतात. आपल्याकडे वाईट दिवस आणि चार जिल्हे खाली आलं की तोच दिवस देवाचा.

सुमनाक्कांना मी फोनवर ओळखत होतो, भेटलो पहिल्यांदाच. पन्नाशीची, ठसठशीत बाई. माहेर-सासर दोन्ही खानापूरकडचं, शेतकरी. शेती दीर बघतात. आक्कांनी घरात बसून कात्रीनं पंपाची रबरी वायसरं कापायला सुरुवात केली आणि वाढवत वाढवत ही शेड उभी केली. काळ्या तक्त्यांची गुंडाळी, कापायचा प्रेस, आणि भिंतीला रबरात चुंबक भरायचं यंत्र. सगळ्यांना हळदीकुंकू, झेंडूच्या माळा. प्रेसजवळच्या फळीवर आमची डाय उभी करून ठेवलेली, तिलाही कुंकवाची पाच बोटं.

"आलासा? बरं झालं, परसादाच्या वक्ताला आलासा," म्हणत त्यांनी कागदावर चुरमुरे, केळं आणि खोबरं हातात दिलं. इकडच्या बाया स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. मला ते ऐकायला बरं वाटतं. चुरमुरे संपेपर्यंत मी हवापाण्याचं बोललो. चुरमुरे संपले. मग सांगितलं.

आक्का हातातली परात खाली ठेवून खुर्चीवर बसल्या. "डाय न्यायला आलासा व्हय."

"शेटनी तसं सांगितलंय."

"त्यात तुमचं काय चुकलं न्हाय. डाय तुमची हाय. पर साहेब, निम्मं काम तुमचंच हाय माझ्याकडं. ही गेली की प्रेस नुसता उभा. ह्या सगळ्यांस्नी मी कशावर ठिवू?" त्यांनी शेडमधल्या माणसांकडे बघितलं. सगळी चुरमुरे खात होती. "आनि झाकणं पडत्यात कशी? मी पेटीतलं एक एक कपाटाला लावून बघतो, मगच धाडतो."

मी निपाणीहून आणलेलं झाकण त्यांच्या कपाटाला लावलं. ते बसलं. कपाट थरथरत नाही, एवढंच.

"बरं," आक्का उठल्या. "न्या. पर आज न्हाय. आज तिला कुंकू लावलंय. पूजेचं लोखंड अवशीच्या दिवशी उंबऱ्याभाईर जात न्हाय आमच्यात. उद्या सकाळी न्या."

मी शेटना फोन करून उद्या निघतो म्हणून कळवलं. ते वैतागले. मला मनातून बरं वाटलं, कारण पाय सुजले होते. आक्कांनी चुंबक भरायच्या यंत्रावर काम करणाऱ्या माणसाला हाक मारली. "कल्लाप्पा, साहेबांस्नी घरला घेऊन जा. हॉटेलात कुठं जेवत्यात अवशीच्या दिवशी."

वडगाव

कल्लाप्पा पन्नाशीतला, सडपातळ माणूस. मुळात विणकर. मागाला गिऱ्हाईक कमी झालं म्हणून गेल्या पावसाळ्यानंतर आक्कांकडे लागला. आधी त्या यंत्रावर खानापूरकडचा नारायण होता, तो गोव्याला मोठ्या कारखान्यात गेला आणि जाता जाता कल्लाप्पाला बटण तेवढं दाखवून गेला. हे सगळं गाडीत बसल्या बसल्या मला कळलं. मी हुं हुं करत होतो. कशाचा कशाशी संबंध लावत नव्हतो, नुसता थकलो होतो.

वडगावच्या बोळांत एरवी माग सतत वाजत असतात म्हणे. अमावास्येला विणकरांची सुट्टी, त्यामुळे गप्प. कल्लाप्पांच्या पुढच्याच खोलीत हातमाग आणि त्यावर अर्धी विणलेली साडी. तो माग आता त्यांच्या पत्नी, रुक्मिणीवहिनी चालवतात. पाट मांडला, गरम होळगी वाढली, वर तूप, बाजूला कटाची आमटी. पुण्यात पुरणपोळी सणाला, इथं अवशीलाही. मी दोन खाल्ल्या आणि तिसरीला नको म्हणत असतानाच ती ताटात पडली.

जेवण उरकून हात पुसत मागाजवळ उभा राहिलो. पाहुण्यानं काहीतरी कौतुक करावं लागतं. पण साडीकडे बघून कौतुक सुचेना. दोरे लोंबतायत, गाठी दिसतायत, काठावरची कुयरी कशीतरी विस्कटलेली. मी म्हटलं, "वहिनी, हे अजून पुरं व्हायचंय का?"

त्या हसल्या. "तुमी उलटी बाजू बघूलालासा. सुलट बाजू खाली असतीया." त्यांनी खिळ्यावरचा छोटा आरसा काढून मागाखाली धरला. मी गुडघा सांभाळत वाकलो. आरशात हिरव्या काठावर कुयरी लखलखत होती, एक दोरा बाहेर नाही.

"असं का करता?"

"गाठ तुटली, दोरा सुटला तर वरनं दिसाय पायजे न्हवं? आनि चांगली बाजू खाली असली की तिला हाताचा घाम लागत न्हाय, धूळ बसत न्हाय. लहानपनापास्नं हात तसाच पडतोय."

मी कल्लाप्पांकडे बघितलं. ते अजून जेवत होते. होळगीचा तुकडा आमटीत बुडवलेला, हात तिथंच थांबलेला.

"साहेब," ते म्हणाले, "मी लाल बाजू खाली ठिवतोय."

हे जरा उलगडून सांगायला हवं. चुंबक भरायचं यंत्र म्हणजे एक सपाट पाट. त्यावर झाकण ठेवायचं, बटण दाबायचं, ठक्क असा आवाज होतो. तोवर ते झाकण नुसतं रबर असतं. जी बाजू पाटाला टेकलेली तिच्यात जोर भरतो, वरची बाजू नावाला चिकटते. काळी बाजू यंत्राच्या पत्र्याला लागायची, म्हणून काळी खाली हवी. नारायण शेतकऱ्याच्या घरातला. त्यानं लाल, देखणी बाजू वर ठेवली, जसं तुम्ही-मी ठेवू. कल्लाप्पांनी ती हातात घेतली आणि पिढ्यान्‌पिढ्या घरातले हात करत आले तेच केलं. चांगली बाजू खाली. सगळा जोर बाहेरच्या लाल अंगात गेला आणि अण्णांच्या यंत्राला लागली ती दुबळी बाजू.

"म्हंजे आक्काचा कारखाना माझ्या हातानं बुडाला व्हय," कल्लाप्पा म्हणाले. वहिनींनी आरसा परत खिळ्याला लावला.

मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त वैताग आला, हे कबूल करतो. मी आरशात वाकून बघितलं नसतं तर सकाळी डाय गाडीत टाकून गाडी हाकली असती. आता मला कारण माहीत होतं. कारण माहीत असलेल्या माणसाला झोप लागत नाही.

कल्लाप्पा तशाच उष्ट्या हातानं उठले, शेडला जाऊन बघतो म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "आज आक्का बटण दाबू द्यायच्या न्हाईत. उगं बसा." त्यांनी फोन लावला. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "सकाळी ये. लवकर ये."

पुन्हा मच्छे

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा आक्का शेड उघडून बसल्या होत्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही. निपाणीच्या झाकणावर कागद ठेवून त्यावर लेथखालचा लोखंडी कीस भुरभुरला. लाल बाजूवर किसाच्या ठळक रेघा उभ्या राहिल्या, काळ्या रानात नांगर फिरवल्यासारख्या. झाकण उलटं केलं. काळ्या बाजूवर नुसती पुसट झाक.

मग नवं झाकण घेऊन कल्लाप्पांनी काळी बाजू खाली ठेवली. ठेवताना हात अडखळला, दुसऱ्याचं लिखाण गिरवताना अडखळतो तसा. ठक्क. कपाटाला लावलं आणि ओढून बघितलं. मलाही ओढायला लावलं. माझी नखं दुखली.

"कल्लाप्पा, चूक माझी बी हाय," आक्का म्हणाल्या. "नारायण गेला तवा तुला शेजारी बसवून शिकवाय पायजे हुतं. तुज्यासारखा मागावरचा मानूस, तुला काय शिकवायचं, असं वाटलं मला."

मी शेटना फोन लावला. उत्साहानं सगळं सांगितलं, अगदी आरशासकट. ते म्हणाले, "बरं झालं कळलं. पण चाकणवाल्याला शब्द दिलाय, जाधव. डाय घेऊन या."

आक्कांना ऐकू गेलं होतं. त्यांनी फळीवरची डाय उचलली, पाती पुसून त्यांना तेलाचं बोट लावलं, जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि कल्लाप्पांच्या मदतीनं स्वतः गाडीच्या डिकीत ठेवली. वर एक नारळ. "रिकामं लोखंड धाडू ने." मग सकाळी नव्यानं भरलेल्या झाकणांची एक पेटी माझ्या हातात दिली. "ही निपाणीच्या अण्णांस्नी. आमच्यामुळं त्येंच्याकडच्या म्हातारीच्या डोळ्यात तिखट गेलंय. काम असू दे, नसू दे."

त्या रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या आत गेल्या. शेडमधून निघताना मी मागे बघितलं. डायच्या जागी फळीवर कुंकवाचे डाग तेवढे उरले होते.

परत निपाणी

अण्णांनी ट्यूब सोडल्या आणि आम्ही नवी झाकणं बसवली. यंत्र चालू करताना अण्णांनी डोळे मिटून घेतले, मीही मिटले. यंत्र धडधडत राहिलं, मिरची पडत राहिली. थोड्या वेळानं एक डोळा उघडला. झाकणं जागेवर होती. रस्त्यावरच्या बायका आधी दारात आल्या, मग उंबऱ्यात, आणि शेवटी एकजण तरातरा आत येऊन आपल्या डब्यापाशी उभी राहिली. ज्या म्हातारीच्या डोळ्यात तिखट गेलं होतं तीच ती. "बंद करू नगं रं," ती अण्णांना म्हणाली, "माजं हुईस्तवर चालू ठेव."

"हीच झाकणं धाडत जावा आता," अण्णा म्हणाले.

मी सांगितलं की इथून पुढं चाकणहून येतील. कारणही सांगितलं. अण्णांनी मिशीवरून हात फिरवला.

"म्हंजे ज्या मानसाला चूक घावली, त्याला सोडून ज्याची अजून घावायची हाय त्याच्याकडं जाणार? तो काय चुकायचा न्हाय व्हय? त्याच्या चुका बी मग हितंच येणार. माज्या गिऱ्हाइकांच्या डोळ्यात."

मी बाहेर येऊन गाडीत बसलो. डिकीत डाय होती, नारळ होता. मी नोकरीत आयुष्यभर सांगितलेली वस्तू सांगितलेल्या ठिकाणी नेऊन पोचवत आलो, आणि त्याचा मला कधी त्रास झाला नाही. त्या दिवशी झाला. किल्ली फिरवायलाच हात होईना.

शेटना फोन करून सांगितलं, "डाय आणत नाही."

"जाधव, निवृत्तीला आलात म्हणून काहीही करणार का?"

"हो. त्याआधी धाडस झालं नसतं."

ते पुष्कळ बोलले. शेवटी म्हणाले, "इथं या, मग बघू."

अण्णांच्या ओळखीचा कंडक्टर बेळगावच्या गाडीवर होता. अण्णांनी आणि मी मिळून ते लुगड्यातलं ओझं त्याच्या सीटमागे ठेवलं, नारळासकट. गाडी सुटली आणि मग मी आक्कांना फोन लावला. "आक्का, डाय बसनं परत येतेय. उतरवून घ्या."

आक्कांनी आधी शेडमधल्यांना गप्प केलं.

"शेट काय म्हनले?"

"या, मग बघू म्हणाले."

"म्हंजे न्हाय म्हनले न्हाईत."

"नाहीत."

"कल्लाप्पाला स्टँडवर धाडतो," त्या म्हणाल्या. त्यांनी कल्लाप्पांना हाक मारलेली ऐकू आली, आणि मग त्या परत फोनवर आल्या. "सकाळपास्नं पोरी फळी पुसतो म्हनूलाल्यात, साहेब. मी त्या कुंकवाला कुनाला हात लावू दिला न्हाय."